साडेसातची हिना

"हे नव्हे," बाबा म्हणाले आणि हात माझ्यापुढे धरला, न पटलेली वस्तू दुकानदाराला परत करावी तसा. हात त्यांचाच, त्यावर अत्तराची कांडी मी ओढलेली. गॅलरीत कोवळं ऊन आलं होतं. डिसेंबरातल्या या उन्हात पुण्यातली माणसं पेपर घेऊन बसतात आणि पेपर वाचत नाहीत. मी म्हटलं, "बाबा, पुन्हा एकदा नीट बघा." त्यांनी हात नाकाशी नेला, डोळे मिटले, श्वास ओढला आणि ८६ वर्षांच्या माणसाला निकाल द्यायचा जो अधिकार असतो तो बजावून म्हणाले, "नव्हे. आमची हिना नाकात शिरायची. झणझणीत. हे आपलं देवघरातलं काहीतरी आहे." ही तिसरी बाटली होती. मी काही बोलले नाही, पण कांडी बाटलीत परत घालताना हात हललाच आणि एक थेंब टेबलाच्या मेणकापडावर पडला. मी तो बोटाने निपटला आणि वाया कशाला घालवा म्हणून आपल्याच मनगटावर पुसला. बाबांना हसू आलं. "बूँद से गई..." एवढंच म्हणाले. पुढचं वाक्य पुरं करायची आमच्याकडे पद्धत नाही. बादशहाचा तो थेंब आणि तो हौद सगळ्यांना पाठ आहे.

मला लागलं ते 'देवघरातलं' हा शब्द. कारण मला त्या बाटलीत देवघर कुठेच येत नव्हतं. मला येत होता काढा. वेलदोडा, लवंग, कापरासारखं काहीतरी थंड आणि त्याच्यामागे ओलसर, काळपट असं एक. म्हणजे बाबा जे शोधत होते ते मला येत होतं आणि त्यांना येत नव्हतं. आणि मी जे शोधत होते ते मलाही येत नव्हतं. हिना माझीही होती ना. तिचा वास मलाही ठाऊक होता.

दिवाळी ते होळी हिना, होळी ते मृग वाळा, पावसाळ्यात काही नाही, असा बाबांचा नेम होता. पावसाळ्यात रेनकोटाचाच वास पुरे, म्हणायचे. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक लाकडी पेटी होती. तिच्यात बोटभर उंचीच्या कुप्या, पाव तोळ्याच्या, काचेच्या बुचाच्या. सकाळी आंघोळ, संध्या, मग पेटी. एक टिपका डाव्या हाताच्या पाठीवर, तो उजव्या हाताच्या पाठीवर टेकवायचा, उरलेलं बोट कानामागे आणि मग तेच बोट माकडटोपीच्या कडेला पुसायचं. मग सायकल. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "सकाळी काढा, संध्याकाळी आमटी." हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. त्यात काही माहिती आहे असं मला कधी वाटलं नाही. आईची वाक्यं म्हणजे घड्याळाचे टोले असतात, आपण मोजत नाही.

या दिवाळीत अभ्यंगस्नानाच्या वेळी बाबा म्हणाले, उटण्याला पूर्वी वास असे. मी ते नेहमीच्या 'पूर्वी'मध्ये जमा केलं. पूर्वी पेरूला चव असे, पूर्वी लकडी पुलावर वारा असे. पण नंतर ते वाक्य आत खुपत राहिलं आणि मी ठरवलं, हिना आणायची.

पहिली बाटली घरपोच मागवली. बाटली देखणी, मखमली पिशवीत, नाव फारसी वळणाचं. पहिली वीस मिनिटं वास छान होता, जरा जास्तच छान, लग्नाच्या हॉलमधल्या गालिच्यासारखा. दुपारी मनगट हुंगलं तर काहीच नाही. नुसता तेलकट डाग. दुसरी एका प्रदर्शनातून घेतली, तिचंही तेच, फक्त शेवटी जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचा वास. बाबांनी दोन्हींना "नव्हे" म्हटलं आणि तेव्हा मला तो त्यांचा चोखंदळपणा वाटला. मग मी रविवार पेठेत गेले.

बोहरी आळीच्या गर्दीत, खिळे-बिजागऱ्या आणि प्लास्टिकच्या बादल्यांच्या मधोमध, जेमतेम पाच फूट रुंद दुकान. मागच्या फळीवर ॲल्युमिनियमचे डबे आणि काळवंडलेल्या काचेच्या बरण्या. दुकानदाराने हिना म्हटल्यावर विचारलं, "ताई, मेहंदीच्या फुलाची का मसाल्याची?" मला पन्नाशीत हे पहिल्यांदा कळलं की हिना दोन असतात. एक मेंदीच्या फुलांपासून काढतात, फिकी, गोडसर. दुसरी शमामा जातीची, जिच्यात मेंदीपेक्षा बाकीच्यांचीच गर्दी जास्त. त्याने बोटांवर मोजली: लवंग, वेलदोडा, जायफळ, जायपत्री, नागरमोथा, जटामांसी, कपूरकचरी, छडीला. छडीला म्हणजे? त्याने खालच्या खणातून एक कागदी पुडी काढून दाखवली. दगडफूल! राखाडी, चुरगळलेलं, जे आमच्या गोड्या मसाल्यात पडतं तेच. नागरमोथा आणि कपूरकचरी तर उटण्यातली. म्हणजे बाबा चार महिने अंगाला अर्धं उटणं आणि अर्धा गोडा मसाला लावून सायकल चालवत होते. आईला हे नाकाने कळलं होतं. मला कळायला पुडी उघडावी लागली.

हे सगळं उत्तर प्रदेशातल्या कनोजला तांब्याच्या डेगेत पाण्यासोबत शिजवतात. वाफ बांबूच्या नळीतून खाली थंड पाण्यात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे वास धरायच्या भांड्यात, उतरते आणि भपक्यात आधीच चंदनाचं तेल वाट बघत असतं. वास येतो तो त्यात मुरतो. एकेका अत्तराला असे बरेच घाणे, बरेच दिवस लागतात. सांधे मातीने लिंपलेले, आच लाकडाची किंवा शेण्यांची, वर काटा नाही की मीटर नाही. दुकानदार म्हणाला, "खाली चंदन पाहिजे. चंदन नसलं तर माल सकाळी चालतो, दुपारी बसतो." चंदनाचा भाव असा झाला आहे की अनेक जण भपक्यात चंदनाऐवजी पातळ पॅराफिन घालतात. पॅराफिन वास धरतं, पण त्याच्याकडे स्वतःचं सांगण्यासारखं काही नसतं. माझ्या पहिल्या दोन बाटल्यांचं कोडं तिथेच सुटलं. त्यांना संध्याकाळच नव्हती.

त्याने माझ्या मनगटावर कांडी टेकवली. मी सवयीने दुसरं मनगट त्यावर चोळायला गेले तर त्याने चक्क हात धरला. "चोळू नका. घाई होते त्याला." लोक म्हणतात चोळल्याने वास मोडतो. मोडत काही नाही, रेणू इतके नाजूक नसतात, पण चोळल्याची ऊब लागली की हलके वास भराभरा पळतात. त्याचा 'घाई' हा शब्द जास्त बरोबर होता. मग म्हणाला, "आता नका ठरवू. मंडईत जा, काम करा, संध्याकाळी परत हुंगा." माझी स्कूटर नो पार्किंगमध्ये होती. मी तिथल्या तिथे ठरवलं, पैसे दिले आणि निघाले. त्या संध्याकाळी मेथी निवडली, लसूण सोलला. हुंगायचं राहिलंच.

तर तिसऱ्या बाटलीला बाबा "नव्हे" म्हणाले तो दिवस. मनगटावर वाया जाऊ न दिलेला थेंब घेऊन मी ऑफिसला गेले आणि विसरून गेले. संध्याकाळी येताना पीएमटीत उभी होते, वरच्या दांडीला धरून. बस अलका चौकात अडकली, नेहमीसारखी. आणि मला माकडटोपीचा वास आला.

मी आजूबाजूला बघितलं.

खरंच बघितलं. कुणीतरी म्हातारं माणूस चढलं असेल म्हणून वळून पुढच्या राखीव जागांवर बघितलं. तिथे दोन कॉलेजच्या मुली आणि मोबाइल. मागे एक काका होते, त्यांच्याजवळ नुसता निलगिरीच्या बामाचा वास. वास जात नव्हता. संध्याकाळी साडेसातला वाड्याच्या जिन्यावर सायकलची साखळी वाजायची, बाबा वर यायचे, टोपी काढून माझ्या डोक्यावर घालायचे. नाकापर्यंत यायची ती. आत अंधार आणि उबदार लोकर आणि हा वास: गार पडलेलं चंदन, जरासा धूर, पावसाआधीची जमीन, कुठेतरी तळाशी मसाल्याच्या डब्याचा रिकामा कोपरा. झणझणीतपणाचा मागमूस नाही. मग बस हलली, मी दांडीवरचा हात बदलला आणि वास हलला. दांडीला धरलेलं माझं मनगट नाकापासून वीतभर होतं. तो मीच लावलेला होता.

घरी गेले ती चप्पल काढायच्या आत बाबांच्या नाकाशी मनगट. "हे?" त्यांनी टीव्हीवरची नजर काढली, हुंगलं, पुन्हा हुंगलं. "चंदन आहे. बरंय. कुठून आणलंस?" मी म्हटलं, "बाबा, सकाळचीच बाटली." "छे," म्हणाले, "हिना अशी नसतेच." आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की बिचारीला दुकानदाराने बनवलं.

त्यांना साडेसातची हिना माहीतच नव्हती. चाळीस वर्षं लावून.

हे कळल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. माझी हिना संध्याकाळची, कारण मी सकाळी शाळेत जायची आणि माझी शाळा सातची. बाबा पेटी उघडायचे तेव्हा मी प्रार्थनेला उभी असायची. त्यांची हिना फक्त सकाळची, कारण लावणाऱ्याला ती एवढीच मिळते. अंगावरचा वास सतत नाकाशी असला की नाक थोड्या वेळात त्याची दखल घेणं सोडतं. दगडूशेठपाशी धूप येतो तो आत जाताना, बाहेर येताना नाही. बाबांची हिना टिळक रस्त्यापर्यंत पोचत असेल. पुढे ऑफिसातल्या टेबलाशेजारच्यांनी दुपारची हिना घेतली असेल, आईने दारातली. आणि आम्ही सगळे समजत होतो की आम्ही एकाच अत्तराबद्दल बोलतो आहोत.

'अत्तर वाळतं' असं आपण म्हणतो, पण तेल वाळत नाही. स्पिरिटमधलं सेंट वाळतं, स्पिरिट उडून जातं आणि जाताना वासाला ढकलत नेतं, म्हणून ते फवारल्या फवारल्या खोलीभर होतं. अत्तरात तसं ढकलणारं कुणी नाही. ते कातडीवर पसरतं, कातडीच्या स्वतःच्या स्निग्धात मिसळतं आणि तिथून मनगटाच्या ऊबेवर, जी साधारण ३२-३३ अंश असते, एकेक जण उठून जातो. पंगतीसारखं. आधी कोण, नंतर कोण हे बऱ्याच अंशी वजनावर ठरतं, पण सगळं नाही. वेलदोड्यातलं आणि निलगिरीतलं सिनिओल घ्या, रेणुभार १५४. लवंगेतलं युजेनॉल १६४. दहाचाच फरक. पण सिनिओल १७६ अंशाला उकळतं आणि युजेनॉल २५४च्या आसपास, कारण युजेनॉलला शेजाऱ्याचा हात धरून बसायची सोय असते आणि सिनिओलला नाही. म्हणून वेलदोडा पहिला जातो, लवंग रेंगाळते. चंदनातलं सॅन्टालॉल २२०चं, जड, आणि तेही हात धरणारं. ते सगळ्यांची ताटं उचलली तरी पाटावर बसून असतं. बाबांचा 'झणझणीत' तो पहिल्या पंगतीचा. त्यातली झणझण तर नुसती वासाची नसतेच. सिनिओल आणि युजेनॉल नाकातल्या दुसऱ्याच एका मज्जातंतूला डिवचतात, कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणतो त्यालाच.

हे वाचून काढल्यावर मी घरातली सगळी अत्तरं मनगटावर लावून बघायचा सपाटा लावला. नवरा म्हणाला, घरात कुणाचं तरी लग्न असल्यासारखं वाटतंय. वाळा मजेशीर निघाला. नाव वाळा, पण वाळत नाही. पहिल्या मिनिटाला माठातल्या पुरचुंडीचा जो हिरवट गार वास, तोच थोडा मऊ होऊन रात्री झोपतानाही. त्याच्यात पहिल्या पंगतीचं कुणी नाहीच, सगळे जड. बाबांनी उन्हाळ्यात वाळा निवडला तो थंड म्हणून. पण दोघांना एकच वास मिळालेलं ते आमच्या घरातलं एकमेव अत्तर असणार. गुलाबाचं उलटं. गुलाबाच्या वासातला एक मोठा वाटा पाण्यात विरघळणारा असतो, तो तेलात कमी आणि गुलाबपाण्यात जास्त जातो. लग्नात हातावर अत्तर लावून वर गुलाबदाणी शिंपडतात तेव्हा खरं तर फुटलेलं फूल पुन्हा जोडतात, असं मला उगीचच वाटलं. मातीचं अत्तरही लावलं. पहिल्या पावसाच्या वासाला 'पेट्रीकोर' हे नाव १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी दिलं, इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस. त्यांनीच लिहून ठेवलंय की कनोजकडचे लोक भाजलेल्या मातीतून हाच वास काढून चंदनाच्या तेलात धरतात. माझ्या मनगटावर तो पाऊस वीसेक मिनिटं पडला. मग ऊन पडलं, चंदनाचं.

कातडीचंही आहेच. पुण्याच्या डिसेंबरात हातावर नखाने ओढलं तर पांढरी रेघ उमटते, अशा कोरड्या कातडीवर अत्तर लवकर उठतं. आंघोळीनंतर, किंचित ओलसर, तेल चोळलेल्या अंगावर ते थांबतं. बाबा नेमके तेव्हाच लावायचे, आंघोळीनंतर लगेच. लोकर मात्र हे काही जाणत नाही. तिला ऊब कमी, म्हणून टोपीच्या कडेवरची हिना हातावरच्या हिनेच्या मागे चालते. मी लहानपणी टोपीत हुंगायची ती दुपार आणि रात्र एकत्र.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना विचारलं बाबांबद्दल. ते म्हणाले, कान गेला की घरच्यांना कळतं, नाक गेलेलं त्या माणसालाही कळत नाही. १९८४मध्ये अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी जवळपास दोन हजार लोकांना खरवडून हुंगायच्या चाळीस वासांची पुस्तिका दिली होती. ऐंशीच्या पुढच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त लोकांचं नाक खूपच उतरलेलं निघालं. बाबांच्या 'पूर्वी उटण्याला वास असे' या वाक्यात तक्रार नव्हती, निरीक्षण होतं, आणि मी ते पेरू आणि वाऱ्याच्या खात्यावर टाकलं होतं. याची लाज वाटली. अजून वाटते.

एकदा प्रयोग म्हणून लवंग-वेलदोडा खलात ठेचून त्यांच्यापुढे धरला. ते मागेच सरकले. डोळ्यांत पाणी आलं. "हां," म्हणाले, "याच्या जवळपास होती." मग वाटीत पुन्हा नाक घातलं आणि माझ्या आईचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटले, ते मला नीट ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही.

आता सकाळी आंघोळीनंतर त्यांना हिना लावायचं काम माझ्याकडे आहे. हाताची पाठ, कानामागे, मग बोट टोपीच्या कडेला. शाळेच्या प्रार्थनेत गेलेल्या सकाळी मला अशा उशिरा मिळताहेत. काढा नाकात शिरतो, मला. ते दरवेळी विचारतात, "लावलंस ना?" मी "हो" म्हणते. गेल्या आठवड्यात रात्री जेवायला उठवताना त्यांची टोपी काढली. साडेसात होऊन गेले होते. काढताना ती माझ्या तोंडावरूनच आली. बाबा हात नाकाशी नेऊन बघत होते. "उडालं बघ सगळं," म्हणाले, "सकाळी एवढं लावलं होतंस."

"हो," मी म्हटलं, "उडालं."

टोपी धुवायला काढायची ठरली होती. मी ती खुंटीला अडकवली आणि पानं घ्यायला गेले.